लाखोळी, स्वीट पी आणि महाधमनीची भिंत

महाधमनी हृदयाच्या डाव्या कप्प्यातून निघते, छातीत कमानीसारखी वळते आणि कण्यापुढून उतरत बेंबीच्या आसपास दोन फाट्यांत विभागते. दिवसाला सुमारे एक लाख ठोके पडतात आणि प्रत्येक ठोक्याचा मारा आधी तिच्यावर बसतो. तो सोसण्याची ताकद तिच्या भिंतीतल्या दोन प्रथिनांत आहे. इलॅस्टिन ताणले जाते आणि पुन्हा मूळ लांबीवर येते. कोलॅजन फारसे ताणले जात नाही, पण सहजासहजी तुटतही नाही. पेशींमधून बाहेर पडतात तेव्हा ही दोन्ही प्रथिने सुटी आणि विरघळणारी असतात. त्यांचे रेणू आडव्या बंधांनी एकमेकांना जोडण्याचे काम एक विकर, म्हणजे एन्झाइम, करते. जुने तंतू तोडून जागा मोकळी करणारी विकरे वेगळी. जोडणारे कमी पडले किंवा तोडणारी अनावर झाली, की भिंत फुगते, तिचे थर उकलतात, कधी ती फुटते. इलॅस्टिनच्या बाबतीत हा हिशेब फार कडक आहे. ते बहुतेक सारे आईच्या पोटात आणि बालपणात तयार होते आणि तेच जन्मभर पुरवावे लागते.

आज पाठ्यपुस्तकात चार ओळींत येणारी ही माहिती हाती यायला जवळपास चाळीस वर्षे लागली, आणि तिचा धागा सुरू होतो तो मध्य भारतातल्या एका कडधान्यापासून. विदर्भात त्याला लाख, लाखोळी, लाखोडी किंवा लाखोरी म्हणतात, हिंदी मुलखात खेसारी किंवा तिवडा. वनस्पतिशास्त्रातले त्याचे नाव लॅथिरस सटायव्हस. भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर या धानाच्या पट्ट्यात हे पीक जुने आहे. धान कापणीला येण्याआधी, बांध्यांत अजून ओल असतानाच, उभ्या पिकात लाखोळीचे बी फेकले जाते. नांगरट नाही, खत नाही, पाणी नाही. धान निघून जाते आणि मागे उरलेल्या ओलीवर लाखोळी वाढते. दुष्काळ पडो की पाणी साचो, ती तग धरते. गहू आणि हरभरा बुडाला त्या वर्षीही ती हाती लागते, आणि तिच्या इतिहासातले सारे दुःख याच चिवटपणातून आले आहे.

ते दुःख तपशिलाने नोंदवले विल्यम स्लीमनने. ठगांचा बंदोबस्त करणारा म्हणून इतिहासाला माहीत असलेला हा इंग्रज अधिकारी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात आजच्या मध्य प्रदेशातल्या सागरच्या मुलखात होता. हा मुलूख गोविंदपंत बुंदेल्यांच्या काळापासून मराठ्यांकडे होता आणि १८१८ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला. १८४४ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या आठवणींत स्लीमनने सागरकडच्या गावांची हकिगत दिली आहे. १८२९ मध्ये गारपिटीने गहू झोपला, १८३० मध्ये वेळेवर पाऊस आला नाही, १८३१ मध्ये तांबेरा पडला. तिन्ही वर्षे शेतात तगली ती फक्त ही डाळ. लोकांनी तीच खाल्ली, जनावरांनाही तीच घातली. १८३३ पासून गावोगावची तरुण माणसे कमरेखालून लुळी पडू लागली. बहुतेक जण तिशीच्या आतले होते. रात्री धडधाकट झोपलेला माणूस सकाळी उठून चालू शकत नसे, आणि गेलेले पाय परत येत नसत.

पुढे १८५० च्या दशकाअखेर अलाहाबाद जिल्ह्यात सिव्हिल सर्जन जेम्स आयर्विंग यांना हाच प्रकार मोठ्या प्रमाणावर आढळला. १८७३ साली इटलीत नेपल्सच्या अर्नाल्डो कांतानी यांनी आपल्याकडचे तीन रुग्ण वर्णन करताना रोगाला वनस्पतीवरून नाव दिले, लॅथिरिझम. रीवा संस्थानात १९०७ मध्ये या डाळीवर बंदी आल्याची नोंद आहे, तरी तिथल्या शेतमजुरांना मजुरी धान्यात मिळत राहिली आणि त्या धान्यात खेसारी मिसळलेली असे. रोग कुणाला होतो हे यावरून उघड होते. ज्याच्या ताटात दुसरे काहीही नसते आणि महिनोन् महिने दिवसाच्या अन्नाचा मोठा भाग हीच डाळ असते, त्याला. इतर धान्य मिळणाऱ्या घरात कधीमधी खाल्लेली लाखोळी असे पाय नेत नाही. दुष्काळ, वेठ आणि कर्ज यांचा हात या रोगात विषाइतकाच आहे, आणि तो मोजल्याशिवाय त्याचा इतिहास पुरा होत नाही.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला प्रयोगशाळांनी हा रोग प्राण्यांत घडवून पाहायचे ठरवले आणि इथे इतिहासाने अनपेक्षित वळण घेतले. उंदरांना लाखोळी खाऊ घातली तरी ते लुळे पडेनात. मग त्याच कुळातल्या इतर जातींची पाळी आली. १९३३ मध्ये अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात गायगर, स्टीनबॉक आणि पार्सन्स यांनी उंदरांच्या खाद्यात स्वीट पीच्या बिया मिसळल्या. स्वीट पी म्हणजे लॅथिरस ओडोरॅटस, हिवाळ्यात बागांमध्ये सुवासासाठी लावतात ती नाजूक फुलांची वेल. उंदरांना काहीतरी झाले खरे, पण ते भारतातल्या माणसांना होई ते नव्हते. पाय लुळे पडण्याआधी त्यांची हाडे वाकली, कणे पिळवटले. मज्जातंतूंऐवजी सांगाडाच बिघडला होता. तरी नाव तेच राहिले. पुढे या दुसऱ्या प्रकाराला हाडांचा लॅथिरिझम आणि माणसातल्या पहिल्या प्रकाराला मज्जातंतूंचा लॅथिरिझम म्हणून वेगळे काढावे लागले.

हा गोंधळ महाधमनीपर्यंत नेला तो इग्नासिओ पोन्सेती यांनी. भारतभरच्या रुग्णालयांत जन्मतः वाकडी पावले असलेल्या बाळांना मोठ्या शस्त्रक्रियेशिवाय, दर आठवड्याला प्लास्टर बदलत सरळ केले जाते. ती पद्धत याच पोन्सेतींची. स्पेनच्या मिनोर्का बेटावर जन्मलेल्या या डॉक्टरने तिथल्या यादवी युद्धात प्रजासत्ताकाच्या बाजूने जखमींवर उपचार केले, पराभवानंतर देश सोडला आणि ते मेक्सिकोमार्गे अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात आले. मुलांचा कणा का वाकतो, हा त्यांचा प्रश्न होता, आणि स्वीट पी खाल्लेल्या उंदरांचा कणा वाकतो हे माहीत होते. १९५२ मध्ये पोन्सेती आणि बेअर्ड यांनी जो निबंध प्रसिद्ध केला, त्याच्या शीर्षकातच दोन गोष्टी शेजारी शेजारी आल्या: वाकलेला कणा आणि उकललेली महाधमनी. काही उंदीर अचानक मरत होते. त्यांची छाती उघडल्यावर ती रक्ताने भरलेली सापडे. महाधमनीच्या भिंतीचे थर एकमेकांपासून सुटून मध्ये रक्त शिरलेले असे. माणसात डॉक्टर ज्याला डिसेक्शन म्हणतात, छातीत किंवा पाठीत फाडल्यासारखी कळ येऊन तासाभरात माणूस दगावू शकतो, तेच इथे एका फुलवेलीच्या बियांनी घडवून आणले होते.

त्यानंतरची पावले झपाट्याने पडली. १९५४ मध्ये शिलिंग आणि स्ट्राँग यांनी विस्कॉन्सिनमध्येच स्वीट पीमधला दोषी पदार्थ वेगळा केला. त्याचा कार्यकारी भाग एक अगदी छोटा रेणू होता, बीटा-अमिनोप्रोपियोनायट्राइल. प्रयोगशाळांत त्याचे संक्षिप्त रूप बीएपीएन रूढ झाले. रसायनशाळेत सहज बनवता येणारा हा पदार्थ खाद्यात मिसळला की स्वीट पीची गरज उरत नसे. १९५७ मध्ये टर्की पक्ष्यांना तो देऊन बार्नेट आणि सहकाऱ्यांनी त्यांच्या महाधमनीत फुगारे आणि फूट घडवून दाखवली. टर्कीपालकांचे झपाट्याने वाढणारे नर पक्षी महाधमनी फुटून आपोआपच मरत असत, त्यामुळे या प्रयोगाला पशुवैद्यकातही मोल होते.

पण एवढासा रेणू भिंतीतले नेमके काय बिघडवतो? १९५९ मध्ये बॉस्टनमध्ये चार्ल्स लेव्हीन आणि जेरोम ग्रॉस यांनी कोंबडीच्या अंड्यातल्या गर्भाला बीएपीएन दिले. एरवी थंड मिठाच्या पाण्यात जेमतेम उतरणारे कोलॅजन आता भरपूर उतरू लागले. प्रथिन तयार होत होते, त्याचे धागेही नीट होते. ते एकमेकांना बांधलेच जात नव्हते. त्या धाग्यांची तीन पदरी वीण पाच वर्षांपूर्वीच, १९५४ मध्ये, मद्रासला गो. ना. रामचंद्रन आणि गोपीनाथ कार्था यांनी उलगडली होती. आता प्रश्न होता त्या विणीच्या गाठींचा.

इलॅस्टिनमधल्या गाठी १९६३ मध्ये सापडल्या. केंब्रिजमध्ये थॉमस, एल्स्डेन आणि पार्ट्रिज यांनी बैलाच्या मानेतल्या जाड लवचीक बंधातून इलॅस्टिन काढले, ते फोडले आणि त्यातून दोन अनोळखी अमिनो आम्ले वेगळी केली, डेस्मोसिन आणि आयसोडेस्मोसिन. प्रत्येक डेस्मोसिन चार लायसिन एकत्र येऊन बनते आणि त्या एका गाठीत शेजारचे धागे कायमचे अडकतात. त्याच सुमारास तिसरी वाट दुसऱ्याच दिशेने येऊन मिळाली. १९६१ मध्ये मिसुरी विद्यापीठात ओडेल यांनी खाद्यात तांबे कमी असलेल्या कोंबडीच्या पिल्लांची महाधमनी फुटते हे दाखवले, आणि १९६२ मध्ये युटामध्ये कार्न्स, विन्ट्रोब आणि सहकाऱ्यांना तांब्याच्या अभावी डुकरांत तोच प्रकार आढळला. या जनावरांनी स्वीट पी पाहिलेलीही नव्हती. तरी त्यांचे इलॅस्टिन तसेच सुटे आणि त्यातले लायसिन तसेच न वापरलेले होते. तांबे नसणे आणि बीएपीएन असणे या दोन गोष्टींचा परिणाम एकच असेल, तर मध्ये तांब्यावर चालणारे आणि बीएपीएनने बंद पडणारे काहीतरी असले पाहिजे.

१९६८ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत शेल्डन पिनेल आणि जॉर्ज मार्टिन यांनी कोंबडीच्या गर्भाच्या हाडांतून ते विकर काढून दाखवले. आज त्याला लायसिल ऑक्सिडेज म्हणतात. कोलॅजन आणि इलॅस्टिनवरच्या लायसिनचे टोक ते ऑक्सिजनच्या साहाय्याने बदलते, आणि मग ती बदललेली टोके आपापसात जुळून आडवे बंध तयार होतात. विकराचे काम फक्त सुरुवातीचे आहे, पण ती सुरुवात झाली नाही तर भिंत ओल्या मातीसारखी राहते. बीएपीएन या विकराच्या कामाच्या जागी जाऊन चिकटते आणि ते कायमचे बंद करते. स्लीमनच्या सागरपासून निघालेला प्रश्न अशा रीतीने महाधमनीच्या भिंतीपाशी येऊन सुटला. प्रश्न मात्र वाटेत बदलला होता आणि सागरच्या माणसांचे उत्तर अजून बाकी होते.

ते उत्तर भारतात मिळाले. १९६४ मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत एस. एल. एन. राव, पी. आर. आडिगा आणि पी. एस. शर्मा यांनी लाखोळीच्या बियांतून ओडॅप नावाचे अमिनो आम्ल वेगळे केले. दिल्लीत मूर्ती, शेषाद्री आणि वेंकटसुब्रमण्यन हेही त्याच वर्षी त्याच पदार्थापर्यंत पोहोचले. मेंदू आणि मज्जारज्जूत निरोप नेणाऱ्या ग्लुटामेटशी ओडॅपचे साम्य आहे. ते चेतापेशींना सतत चेतवत राहते आणि पाय हलवणाऱ्या पेशी त्यात मरतात. लायसिल ऑक्सिडेजशी त्याचा संबंध नाही. लाखोळी खाल्ल्याने माणसाची महाधमनी फुगते असे मानायला आधार नाही, आणि ही बाब ठासून सांगायला हवी, कारण दोन्ही रोगांचे नाव एक असल्याने लोकांसाठी लिहिलेल्या मजकुरात हा घोटाळा वारंवार होतो. याच बंगळूरच्या गटाने १९६३ मध्ये लाखोळीतून होमोआर्जिनिन हे आणखी एक अमिनो आम्ल वेगळे केले होते. रक्तातले त्याचे प्रमाण कमी असलेल्या लोकांत हृदयविकाराने होणारे मृत्यू अधिक आढळतात, असे युरोपातल्या अभ्यासांनी अलीकडे दाखवले आहे. रक्तवाहिन्या सैल करणारा नायट्रिक ऑक्साइड ज्या विकराने बनतो, त्याला होमोआर्जिनिन कच्चा माल म्हणून चालते. म्हणजे रक्तवाहिन्यांपुरता विचार केला तर लाखोळीच्या खात्यावर जमेचीही एक बाजू आहे.

कायद्याने मात्र या डाळीकडे एकाच नजरेने पाहिले. अन्नभेसळ प्रतिबंधक नियमांत १९६१ मध्ये तिच्या विक्रीवर बंदीची तरतूद झाली आणि राज्यांनी ती एकामागून एक लागू केली. मराठवाड्यात धानाची शेती फारशी नसल्याने लाखोळीशी शेतकऱ्याचा संबंध थोडा होता. तिथे ती ओळखीची झाली तूरडाळीतली आणि बेसनातली भेसळ म्हणून. तूर पिवळी, गोलसर. लाखेचा दाणा पाचरीसारखा, एका बाजूला चपटा. दळल्यावर तोही फरक उरत नाही. म्हणून शालेय विज्ञानात एक चाचणी शिकवली जाते. बेसनात पातळ हायड्रोक्लोरिक आम्ल घालून ते उकळत्या पाण्यावर पंधरा मिनिटे ठेवायचे, गुलाबी रंग आला तर खेसारीचा संशय घ्यायचा. छत्रपती संभाजीनगरच्या गारखेड्यासारख्या, मराठवाड्याच्या गावागावांतून आलेल्या कुटुंबांच्या वस्तीत, लाख हा शब्द मुलांना भेटतो तो शेतातून नाही, तर या चाचणीतून. विदर्भात चित्र उलटे होते. तिथे बंदी ज्यांच्या ताटावर आली त्यांचे ते नित्याचे अन्न होते. नागपूरच्या डॉ. शांतिलाल कोठारी यांनी बंदीविरुद्ध अनेक वर्षे लढा दिला आणि २००८ मध्ये महाराष्ट्र शासनाने राज्यातली बंदी उठवली. केंद्राच्या २०११ च्या अन्नसुरक्षा नियमांत विक्रीबंदी कायम राहिली. २०१६ च्या सुरुवातीला भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने ओडॅप कमी असलेल्या वाणांना परवानगी देण्याच्या बाजूने मत दिले. रतन, प्रतीक आणि महातिवडा हे असे वाण आहेत.

जोडणाऱ्या विकराचा शोध अशा रीतीने बियांतून लागला. तोडणाऱ्या विकरांची कथा मात्र सुरुवातीपासून महाधमनीचीच आहे. बुडापेस्टमध्ये योझेफ बालो आणि इलोना बांगा हे दांपत्य धमनीकाठिण्याचा अभ्यास करत होते. वय वाढलेल्या महाधमनीत इलॅस्टिनचे तंतू तुटलेले दिसतात. ते कोण तोडते, हा त्यांचा प्रश्न होता. बांगा यांनी आधी जीवरसायनशास्त्रज्ञ सेंट-ज्यॉर्जी यांच्या प्रयोगशाळेत स्नायूंच्या प्रथिनांवर मोलाचे काम केले होते. १९४९-५० मध्ये या दोघांनी स्वादुपिंडाच्या अर्कात इलॅस्टिन विरघळवणारे विकर दाखवले आणि त्याला इलॅस्टेज नाव दिले. स्वादुपिंडातले हे विकर महाधमनीत जाऊन काम करते ही त्यांची मूळ कल्पना टिकली नाही. तरी भिंतीचे इलॅस्टिन विकराने तोडता येते हे सिद्ध झाले, आणि सूजेच्या पेशींकडे स्वतःचे असे इलॅस्टेज असते हे पुढे दिसून आले.

कोलॅजन तोडणारे विकर सापडले ते बेडकाच्या पिल्लात. १९६२ मध्ये जेरोम ग्रॉस, बीएपीएनच्या प्रयोगातलेच ग्रॉस, आणि शार्ल लापिएर यांनी एक सरळ प्रश्न विचारला: पिल्लू बेडूक होते तेव्हा त्याची शेपटी जाते कुठे? त्यांनी शेपटीचे तुकडे कोलॅजनच्या पातळ थरावर ठेवले. तुकड्यांभोवती थर विरघळून पारदर्शक गोल उमटले. प्राण्यांतले हे पहिले कोलॅजनेज. त्याच्या कुळातली वीसहून अधिक विकरे आज माणसात माहीत आहेत. त्यांच्या गाभ्यात जस्ताचा अणू असतो, आणि त्यांना एकत्रितपणे मॅट्रिक्स मेटॅलोप्रोटिनेज, थोडक्यात एमएमपी, म्हणतात. जोडणारे विकर तांब्यावर चालते, तोडणारी जस्तावर. शरीर या कात्र्या बंद अवस्थेत तयार करते आणि त्यांना आवरणारी प्रथिनेही सोबत ठेवते. जखम भरताना, गर्भ वाढताना त्या उघडतात आणि काम संपल्यावर मिटतात. महाधमनीच्या रोगांत त्या उघड्याच राहतात.

महाधमनीच्या रोगांत तोडणाऱ्या विकरांचा माग लागायच्या आधीच तुटलेल्या भिंतीचा फार बारकाईने अभ्यास मुंबईत झाला होता. परळच्या केईएम रुग्णालयात आणि शेठ गोरधनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी रक्तवाहिन्यांच्या शस्त्रक्रियेची मोठी शाळा उभी केली. फेब्रुवारी १९६८ मध्ये भारतातले पहिले हृदयप्रत्यारोपण त्यांनीच केले आणि सर्वसामान्य वाचकाला सेन आठवतात ते त्यासाठी. महाधमनीच्या इतिहासात मात्र त्यांचे मोठे काम दुसरे आहे. त्यांच्याकडे तरुण मुली आणि विशी-तिशीतल्या बायका येत. रक्तदाब प्रचंड, एका हाताची किंवा दोन्ही पायांची नाडी लागत नाही, अंगात बारीक ताप येऊन गेलेला. जपानमध्ये मिकितो ताकायासू यांनी १९०८ मध्ये डोळ्याच्या पडद्यावरून वर्णिलेला हाच रोग. भारतात तो पोटातल्या महाधमनीला आणि मूत्रपिंडाच्या धमन्यांना अधिक धरतो, म्हणून इथल्या रुग्णांत रक्तदाबाची तक्रार ठळक असते. १९६३ मध्ये सेन आणि सहकाऱ्यांनी मधल्या महाधमनीच्या अरुंदपणाचे वर्णन ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये दिले. १९७३ मध्ये सेन, किनरे, केळकर आणि परुळकर यांचा या रोगावरचा स्वतंत्र ग्रंथ मुंबईतून निघाला. विकृतिशास्त्रज्ञ डॉ. एस. जी. किनरे यांच्या सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारे चित्र स्पष्ट होते. मधल्या थरातले इलॅस्टिनचे पदर जागोजागी तुटलेले, त्यांच्याजवळ सूजेच्या पेशी, काही ठिकाणी अनेक केंद्रकांच्या मोठ्या पेशी, आणि बाहेर व आत दाट व्रण. व्रणाने नळी अरुंद होते. जिथे व्रण पुरेसा पडत नाही तिथे ती फुगते.

ते पदर नेमके कशाने तुटतात, हे त्या काळात सांगता येण्यासारखे नव्हते. २००३ मध्ये जपानी संशोधकांनी ताकायासूच्या रुग्णांच्या रक्तात एमएमपी-२ चे प्रमाण वाढलेले दाखवले. रोग पेटलेला असताना एमएमपी-३ आणि एमएमपी-९ वाढतात आणि शमल्यावर उतरतात, हेही त्यांनी दाखवले. केईएमच्या काचपट्ट्यांवर दिसलेल्या तुटीला असे रासायनिक कारण मिळाले. सूजेच्या पेशी जिथे जमतात तिथे या कात्र्या सोडतात.

पोटातल्या महाधमनीचा फुगार, म्हणजे धमनीविस्फार, हा वेगळा रोग. तो साठीपुढच्या, बहुधा विडी-सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांचा. त्यातली विकरे १९८० पासून उलगडत गेली. १९८० मध्ये लॉस एंजेलिसमध्ये बुसुटिल आणि सहकाऱ्यांना शस्त्रक्रियेत काढलेल्या भिंतीत कोलॅजनेजचे काम वाढलेले आढळले. त्यानंतर डोब्रिन यांनी धमन्यांवर दोन्ही प्रकारची विकरे स्वतंत्रपणे वापरून पाहिली. इलॅस्टेज दिले की धमनी फुगे पण धरून राही. कोलॅजनेज दिले की फुटे. या एका प्रयोगाने रोगाचे दोन टप्पे वेगळे झाले. आधी इलॅस्टिन जाते आणि नळी रुंदावते, मग भार कोलॅजनवर येतो आणि ते गेले की रक्तस्राव. १९९० मध्ये पॅरिसमध्ये अनिजार आणि सहकाऱ्यांनी उंदराच्या महाधमनीत इलॅस्टेज भरून फुगार तयार केला. त्यात एक विलक्षण गोष्ट दिसली: खरा फुगार विकर टोचताक्षणी येत नाही, काही दिवसांनी सूजेच्या पेशी जमल्यावर येतो. पहिली तूट बाहेरून आलेली, पुढची शरीराने स्वतः केलेली. १९९५ मध्ये सेंट लुईसच्या रॉबर्ट थॉम्प्सन यांनी माणसाच्या फुगारात एमएमपी-९ सोडणाऱ्या मॅक्रोफेज पेशी दाखवल्या आणि २००० मध्ये ते विकर जन्मतःच नसलेल्या उंदरांत फुगार रोखला जातो हेही सिद्ध झाले.

उपाय जवळ आल्यासारखा वाटला, कारण या कात्र्यांना बोथट करणारे औषध आधीच हातात होते. १९८० च्या दशकात दंतवैद्य लॉर्न गोलब यांनी टेट्रासायक्लिन गटातली प्रतिजैविके हिरड्यांतले कोलॅजनेज रोखतात हे दाखवले होते. त्यातल्या डॉक्सिसायक्लिनने उंदरांतला फुगारही आटोक्यात ठेवला. माणसात मात्र ते जमले नाही. २०१३ मध्ये नेदरलँड्समध्ये दीड वर्ष डॉक्सिसायक्लिन घेतलेल्या रुग्णांचा फुगार औषध न घेतलेल्यांपेक्षा किंचित अधिकच वाढला. २०२० मध्ये अमेरिकेतल्या अडीचशेहून अधिक रुग्णांवरच्या दोन वर्षांच्या चाचणीत दोन्ही गटांची वाढ सारखीच निघाली. लहान फुगार शोधून, त्यावर गोळी देऊन शस्त्रक्रिया टाळायची ही दोन दशकांची आशा तिथे थांबली. उंदरात औषध आधी आणि फुगार नंतर असतो. माणसात फुगार सापडतो तेव्हा इलॅस्टिन केव्हाच गेलेले असते, हे त्यामागचे एक सयुक्तिक कारण दिसते.

जोडणाऱ्या विकराकडे पुन्हा लक्ष गेले ते जनुकांमुळे. लायसिल ऑक्सिडेजचे जनुक काढून टाकलेली उंदरांची पिल्ले जन्माच्या वेळीच महाधमनी फुगून मरतात, हे २००२ मध्ये फिनलंडमध्ये दिसले. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या दोन गटांनी, ह्यूस्टनच्या आणि सेंट लुईसच्या, छातीतली महाधमनी फुगण्याचा आजार पिढ्यान् पिढ्या असलेल्या कुटुंबांत याच जनुकातले दोष शोधले. स्वीट पीने उंदरांत जे केले, ते या घरांत जनुकातल्या एका अक्षराने केले होते.

जोडणे आणि तोडणे या दोन्ही बाजू एकत्र आल्या त्या एका नेहमीच्या औषधात. सिप्रोफ्लॉक्सासिन आणि त्याच्या गटातली फ्लुओरोक्विनोलोन प्रतिजैविके घेतलेल्या लोकांत महाधमनी फुगणे आणि उकलणे अधिक आढळते, असे मोठ्या नोंदींतून पुढे येत होते. २०१८ मध्ये ह्यूस्टनच्या लेमेअर आणि सहकाऱ्यांनी आधीच महाधमनीवर ताण दिलेल्या उंदरांना सिप्रोफ्लॉक्सासिन दिले. त्यांच्या भिंतीत लायसिल ऑक्सिडेज घटले, एमएमपींचे काम वाढले, उकल आणि फूट वाढली. डिसेंबर २०१८ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने इशारा काढला. महाधमनीत आधीच फुगार असलेल्यांना, मार्फान किंवा एलर्स-डॅनलॉससारखा जन्मजात दोष असलेल्यांना, उच्च रक्तदाब असलेल्यांना आणि वयस्कांना, दुसरा पर्याय असेल तर ही औषधे देऊ नयेत. गारखेड्यातल्या दवाखान्यात लघवीच्या जंतुसंसर्गासाठी सिप्रोफ्लॉक्सासिन लिहिताना हा इशारा तितकाच लागू पडतो. पोटाच्या सोनोग्राफीत महाधमनी तीन सेंटिमीटरहून रुंद निघाली, तर ती नोंद रुग्णाच्या कागदावर राहायला हवी. पुरुषात ती साडेपाच सेंटिमीटरपर्यंत पोहोचेतो ठरावीक अंतराने मोजमाप, रक्तदाबावर ताबा आणि धूम्रपान बंद, एवढेच उपचार आज आहेत. त्यापुढे शस्त्रक्रिया किंवा मांडीतून आत सरकवलेली कृत्रिम नळी. विकरांवर थेट काम करून फुगार थांबवणारे औषध अजून बाजारात आलेले नाही.